एका चहाचा बिल्ला

काकाजी बिल्ला घ्यायचे तेव्हा त्यांची नजर नेहमी दुसरीकडेच असायची. हात पुढे, तळवा वर, आणि डोळे बसस्टँडकडे नाहीतर उतू जायला आलेल्या दुधाकडे. तळहातावर बिल्ला पडला की तो गल्ल्याखालच्या पत्र्याच्या डब्यात जायचा आणि गिऱ्हाइकापुढे चहाचा ग्लास यायचा. इतक्या वर्षांत त्यांनी एकही बिल्ला उलटून पाहिला नाही. मी पाहिले. एका सकाळी त्यांच्या गल्ल्यावर बसून, गिऱ्हाइकांसमोर, जेमतेम दोन-तीन तास. त्यानंतर सौसरच्या बाजारात त्यांचा बिल्ला चालला नाही. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं सगळं लिहिताना आपण काहीतरी लपवून ठेवलंय असं मला वाटत राहील, आणि माझ्या स्वभावाला ते झेपणार नाही.

मी मूळचा पांढुर्ण्याचा. बोरगावच्या एका कारखान्यात टूल-रूममध्ये, म्हणजे साचे आणि अवजारं बनवायच्या खात्यात, नोकरी लागली, म्हणून सौसरला खोली शोधत फिरलो. आडनाव सांगेपर्यंत खोल्या रिकाम्या असायच्या आणि सांगितल्यावर त्या कालच कोणालातरी दिलेल्या असायच्या. आपल्या हॉटेलवरची खोली दाखवताना काकाजींनी आडनाव विचारलंच नाही. "सकाळी लवकर उठता काय? खाली भट्टी पेटते, धूर वर येते," एवढंच विचारलं. पण मीच आठ दिवस झोपलो नाही. यांना कळलं तर काय, आणि आपण सांगितलं नाही म्हणून फसवलं असं वाटलं तर काय. शेवटी एका संध्याकाळी खाली जाऊन मीच आडनाव सांगून टाकलं. ते ग्लास विसळत होते. "मंग?" म्हणाले. "भाडं बदलाचं हाय काय?"

मागून काकी म्हणाल्या, "पोरगं उपाशी दिसते. अगोदर पोहे दे त्याले."

हॉटेल म्हणजे टिनाचं शेड, बाहेर दोन बाकं, आत एक भट्टी आणि लाकडी गल्ला. मागे त्यांचं घर, वर माझी खोली. चहा काकी करायच्या, काकाजी गल्ल्यावर बसायचे. "उकळून मी राहिली आन नाव ह्यायचं होऊन राहिलं," असं काकी गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या. काकाजी त्यावर मान हलवायचे, जणू दुसऱ्या कोणाबद्दल बोलणं चाललंय. गाव त्यांना काकाजी म्हणायचं, त्यांच्याहून म्हातारी माणसंसुद्धा. कोणी 'शेठ' म्हटलं तर ते मागे वळून पाहायचे, की शेठ कोण आला.

बिल्ल्याची गोष्ट टॉफीपासून सुरू झाली. त्या काळात बाजारात चिल्लर मिळत नव्हती आणि किराणा दुकानदार सुट्ट्या पैशांच्या जागी टॉफी द्यायचे. बाकी सगळे ती तोंडात टाकून पुढे जायचे. काकाजींनी प्रत्येक टॉफी एका बरणीत जमवली. बरणी भरल्यावर ती घेऊन ते त्याच दुकानात चहापत्ती आणायला गेले. मी सोबत होतो आणि आता भांडण होणार म्हणून दुकानाच्या पायरीखालीच थांबलो होतो.

"हे काय जी काकाजी?"

"पैसे."

"टॉफ्या हायेत ह्या."

"तुमीच त देल्या. मोजून घ्या."

"मजाक करून राहिले काय?"

"मले देल्या तवा तुमी मजाक करून राहिले होते काय?"

दुकानदार हसला, चार लोक हसले, पण टॉफ्या काही त्याने घेतल्या नाहीत. काकाजींनी नोट काढून दिली, बरणी तिथेच ठेवली आणि चहापत्ती घेऊन आले. संध्याकाळी माझ्या खोलीचा जिना चढून आले. मला ते मिस्तरी म्हणायचे.

"मिस्तरी, पत्र्यावर ठप्पा माराचं काम जमते न तुले?"

"जमते. कायचा ठप्पा?"

"कपाचा. कप आन त्याचा कान. नाव नाही, नंबर नाही, काही नाही." मग खाटेवर बसून म्हणाले, "आपुन जे देतो ते आपुन वापस घेतलं पाहिजे. एवढंच हाय, बाकी काही नाही."

अ‍ॅल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणतात. पांढुर्ण्याच्या एका भांडेवाल्याकडे जर्मनच्या पत्र्याचे कापून उरलेले तुकडे किलोच्या भावाने मिळायचे. ते मी आणले. ठप्पा टूल-रूममध्ये ड्यूटी संपल्यावर केला. फोरमनची परवानगी घेतली होती, तरी कारखान्याचं पोलाद आपण घरच्या कामाला वापरतोय ही टोचणी मला अनेक दिवस होती. ते घाईने उरकताना कानस धरलेला हात घसरला आणि कपाच्या कानात एक बारीक फट पडली. मी दुसरा ठप्पा करतो म्हणालो. काकाजींनी पहिला बिल्ला अंगठ्याने चाचपला. "कान फुटला हाय. तरी धरता येते न?" म्हणाले. "राहू दे."

बिल्ला इतका हलका होता की पंख्याखाली ठेवला तर सरकायचा. त्यातल्या धातूला कोणी विचारलं नसतं. पण सुट्टे पैसे नसले की काकाजी गिऱ्हाइकाला बिल्ला द्यायचे आणि तो परत आला की त्यावर चहा द्यायचे. कोणी आणला, कुठून आणला, हे विचारायचे नाहीत. थोड्याच दिवसांत पानठेलेवाला तो सुट्ट्यांच्या जागी घेऊ लागला. मग न्हावी, मग सायकलवाला, मग तो टॉफीवाला किराणा दुकानदारसुद्धा. कारण बिल्ला आला तर वाया जाणार नव्हता, केव्हाही समोर जाऊन चहा पिता येत होता. एकदा लोधीखेड्याच्या एका माणसाने मला पंक्चरच्या दुकानात उरलेल्या पैशांत बिल्ला दिला. त्याने सौसरचं ते हॉटेल कधी पाहिलंही नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. ही एवढी हलकी वस्तू, माझ्या हातून फुटक्या कानाची झालेली, आणि अनोळखी लोक तिच्यावर भरवसा ठेवून बसलेत.

मी काकाजींना विचारलं, "सगळे एकाच दिवशी आले त काय करान?"

"चहा पाजीन."

"एवढा?"

"मिस्तरी, माणूस किती चहा पिऊ शकते?"

चहाचा भाव वाढत गेला तरी बिल्ल्याचा चहा एकच राहिला. आधी घेऊन ठेवलेल्या बिल्ल्यावर पुढे दुप्पट-तिप्पट भावाचा चहा मिळायचा. हे बरोबर नाही, तुमचं नुकसान होतंय, असं मी दर वेळी सांगायचो. काकाजी म्हणायचे, "मी चहा म्हटलं होतं. पैसे कुठं म्हटलं होतं?" शाळेतले एक गुरुजी वारले तेव्हा त्यांच्या बायकोला ट्रंकेत एक डबाभर बिल्ले सापडले. गुरुजी रोज फिरायला यायचे, पैसे देऊन बिल्ला घ्यायचे आणि चहा न पिता घरी जायचे. साठवायची सवय असेल. त्या बाई डबा पदराखाली धरून आल्या आणि विचारू की नको अशा उभ्या राहिल्या. तेराव्याच्या दिवशी गुरुजींच्या घरी जेवढे लोक आले तेवढ्यांचा चहा काकींनी इथून किटल्यांतून पाठवला. डबा उघडून कोणी मोजलं नाही.

अशीच एक लहर त्यांची दहाच्या सिक्क्याची, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याची. मधे आमच्याकडे अफवा उठली होती की दहाचा सिक्का नकली आहे. बाजार बंद झाला त्याला. सरकारने काढलेला सिक्का, पण पेट्रोलपंपापासून भाजीवाल्यापर्यंत कोणी हात लावेना. काकाजींनी दारावर पाटी लावली नाही की काही नाही, फक्त घेत राहिले. मग बसमधले लोक मुद्दाम उतरून सिक्के त्यांच्याकडे टाकून चहा पिऊन जाऊ लागले. काकी वैतागल्या. "सगळ्या गावचा कचरा आपल्याच घरी." काकाजी म्हणाले, "तुले कोणी सांगतलं कचरा हाय म्हणून? सगळे म्हणून राहिले म्हणून तू म्हणून राहिली." मग ते सिक्के पोत्यात भरून जिथे घेतील तिथे नेऊन बदलून आणायचे, दिवसदिवस बसून राहायचे. मी तेव्हाही त्यांच्या वाटेकडे पाहत बसायचो. कोणी घेतलेच नाहीत तर? पण ते रिकामं पोतं खांद्यावर टाकून परत यायचे आणि आल्या आल्या भट्टीची राख काढायला बसायचे.

आता मूळ गोष्टीवर येतो.

चहाच्या हातांनी बिल्ले चिकट व्हायचे, म्हणून मी सुट्टीच्या दिवशी ते सोड्याच्या पाण्यात धुऊन गच्चीवर पोत्यावर वाळत घालायचो. हे काम मीच मागून घेतलं होतं. एका दुपारी वाळलेले बिल्ले गोळा करताना एक हातात घेतला आणि उजेडात धरला. कपाचा कान पूर्ण होता. फट नव्हती. कडा माझ्यापेक्षा साफ, ठप्पा माझ्यापेक्षा खोल. तो माझ्या बिल्ल्याहून चांगला होता. मी सगळे पालथे घातले. तसे आणखी निघाले, मूठभर.

पहिला विचार हाच आला की हे माझ्याच टूल-रूममधून निघालं असणार, कारण एवढं साफ काम आसपास दुसरं कोण करणार. मी कारखान्यात कोणाच्या टेबलावर काय पडलंय ते चोरासारखा पाहत फिरलो. काही सापडलं नाही, आणि आजपर्यंत कळलेलं नाही. पण मला कळत होतं की असंच चाललं तर काकी कोणाच्यातरी नकली पत्र्यापायी फुकट दूध उकळत बसणार आणि हॉटेल बसणार. फोनवर पैसे द्यायची सोय आल्यापासून गिऱ्हाइकी तशीही बसच्या वेळेपुरती उरली होती.

मी काकाजींना सांगितलं. दोन बिल्ले त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी दोन्ही डब्यात टाकले.

"काकाजी, एक नकली हाय त्यातला."

"कोणी आणला?"

"ते मले कसं माहीत असन?"

"मंग? ज्यानं बनवला तो त कधीच खाऊन मोकळा झाला. आता ज्याच्या हातात हाय त्यानं कोणापासून तरी चांगला समजून घेतला. तू त्याले वापस करशीन. तो रडन. बनवणारा हसन." मग म्हणाले, "आन एकाचा पाहिला का सगळ्यायचा पाहा लागते. पाहू नको."

मी पाहायचं सोडलं नाही. फक्त त्यांच्यासमोर सोडलं. धुताना पूर्ण कानाचे वेगळे काढायचो आणि पुन्हा त्यांच्यातच मिसळून टाकायचो, कारण फेकायचा मला अधिकार नव्हता. दर वेळी ते थोडे जास्त वाटायचे. मला रात्री जाग यायची. काकींना सांगावंसं वाटायचं, पण काकाजींनी सांगू नको म्हटलं नव्हतं म्हणून सांगावं, की त्यांचा विश्वास मोडेल म्हणून सांगू नये, यातच मी अडकायचो.

मग काकाजींच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मोतीबिंदू. त्यांची मुलगी पांढुर्ण्याला असते, तिथे करायचं ठरलं. नेमका ऑपरेशननंतरचा दिवस आमच्या बाजाराचा, माझी सुट्टी. काकी म्हणाल्या, "बाबू, मी भट्टी सोडू शकत नाही. तू गल्ल्यावर बसशीन काय?"

मी बसलो. काकाजींच्या जागेवर, त्यांच्या बैठकीच्या चवाळ्यावर. पहिला बिल्ला आला आणि मी तो उलटला. ठरवून नाही. माझा हात तसाच शिकलेला आहे. टूल-रूममध्ये हातात आलेली प्रत्येक वस्तू आम्ही उलटून, प्रकाशात धरून, कड पाहून मगच पुढे देतो. न पाहता घेतली तर ते कामात हयगय करणं. दुसरा आला, तोही उलटला. फुटका कान, बरं वाटलं. तिसरा पूर्ण कानाचा. तरी मी चहा दिला. पण त्या माणसाने मला पाहताना पाहिलं. मी कोणालाही नाही म्हटलं नाही, हे मी शपथेवर सांगतो, आणि त्याने काहीही फरक पडत नाही.

मग गुंफाबाई आली. मोहगावची. शेतात मजुरीला जायची आणि बाजाराच्या दिवशी पालेभाजी घेऊन यायची. आमच्याच समाजाची, माझ्या आईच्या ओळखीची, मी तिला मावशी म्हणायचो. टोपली खाली ठेवून तिने बिल्ला दिला. मी तो उजेडाकडे धरला.

"काय पाहून राहिला बाबू?"

"काही नाही मावशी."

"काही नाही त मंग पाहून काहून राहिला?"

"उगाच. सवय हाय."

"माया हाताचा हाय म्हणून पाहून राहिला काय?"

"नाही नाही. सगळ्यायचे पाहून राहिलो."

बाकावर बसलेले लोक आता ऐकत होते. गुंफाबाई हलक्या आवाजातच बोलली. "माया लहानपनी इथं बाजूच्या हॉटेलात आमाले वरून चहा ओतत होते. घेताना पैसे पान्यात टाकून धुऊन घेत होते. आमच्या हातचं पाहून घ्याची सवय गेली, असं मी पोरीले सांगत असते. तू कायले सुरू केली बापा?"

तिचा बिल्ला पूर्ण कानाचाच होता. तो तिला कोणीतरी भाजीच्या बदल्यात दिला होता. मी चहा पुढे केला. तिने टोपली उचलली आणि गेली. ग्लास तिथेच राहिला, त्यावर साय धरली.

सगळ्यांचे पाहतोय, हे माझं वाक्य माझ्या आधी बाजारात पोचलं. दुपारपर्यंत पानठेलेवाला आला. "काकाजीचे बिल्ले नकली निघाले म्हनते?" मी म्हणालो, नाही, तसं काही नाही. "मंग हे घ्या," म्हणून त्याने मूठभर बिल्ले गल्ल्यावर ओतले. "चहा द्या ह्यायचा."

"एवढा चहा पिसान काय?"

"ते मी पाहीन न."

त्याच्यामागे न्हावी. त्याच्यामागे सायकलवाला. किराणावाल्याने नोकराला बादली देऊन पाठवलं. लोक किटल्या, थर्मास, दुधाच्या बरण्या घेऊन रांगेत उभे राहिले. ज्यांच्या घरी गॅसवर चहा उकळत होता तेही. कोणी भांडत नव्हतं, उलट हसत होते. "पिऊन घे लेका, उद्या हे जर्मन भंगारात जाईन," असं एक जण दुसऱ्याला म्हणाला. काकी भट्टीसमोर घामाने भिजल्या होत्या. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. "दूध संपलं बाबू. काय केलंस तू?"

मी पांढुर्ण्याला काकाजींच्या मुलीला फोन लावला. काकाजींना काय झालं ते सांगू नका, फक्त दुधाचं काय करू ते विचारा, असं म्हणालो. तिने फोनच त्यांच्या कानाला लावला. ते ऐकत होते. मी तुटक तुटक सांगितलं. "आलो," म्हणाले आणि फोन बंद झाला. डॉक्टरने पडून राहा म्हटलं होतं. संध्याकाळच्या बसमधून ते उतरले, डोळ्यावर काळा चष्मा, त्याखाली पट्टी, मुलीने दंड धरलेला. रांगेने त्यांना वाट दिली.

मी गल्ल्यामागून बाहेर वाकलो आणि त्यांच्या कानाशी बोललो. दिवसभर मी हेच जुळवत होतो आणि मला ते हुशारीचं वाटत होतं. "काकाजी, फुटक्या कानाचे आहेत ते आपले. तेवढेच घेऊ. दूध पुरेल. मी वेगळे करून देतो."

"तुले दोन्ही बरोबर ओळखता येते?"

"हो. शंभर टक्के."

"मंग तू उठ तिथून."

रागावून नाही म्हणाले. मी उठलो. ते चाचपत बसले आणि हात पुढे केला, तळवा वर. "आण," म्हणाले, "कोण हाय पुढं?"

मुलीने मोहगावला आणि लोधीखेड्याला फोन लावून मोटरसायकलवर दूध मागवलं. ते येईपर्यंत मी म्हणालो, कोरा चहा देऊ, लोक समजून घेतील. काकाजी म्हणाले, "कोरा द्याचा असता त कोरा सांगतला असता." रांग थांबली, पण मोडली नाही. काही जण मात्र काळा चष्मा पाहून किटली मागे लपवत निघून गेले. न्हावी आपले बिल्ले देऊन बाकावर बसला आणि एकामागून एक ग्लास पीत राहिला, आणि चौथ्या ग्लासाला म्हणाला, "बस झालं काकाजी, आता मेलो मी." कोणीतरी हसलं. काकाजी म्हणाले, "तुये अजून हायेत. उद्या ये." किराणावाल्याची बादली भरून गेली. दिवे लागल्यावर रांग संपली. सगळ्यांना चहा मिळाला. एकही बिल्ला परत केला गेला नाही. डबा भरून वाहत होता, आणि त्यात कोणते कोणाचे हे माझ्याशिवाय कोणाला सांगता आलं नसतं.

मला वाटलं, वाचलो. खरंच वाटलं. त्या आठवड्यात मी जरा झोपलोसुद्धा. लोक येऊन म्हणायचे, काकाजींनी शब्द राखला. पानठेलेवाल्याने माफीसुद्धा मागितली, म्हणजे पान लावून पाठवलं. काकाजींची पट्टी निघाली. त्यांना आता बसची पाटी दुरूनच वाचता यायची आणि ते ती मोठ्याने वाचायचे, छिंदवाडा, नागपूर, पांढुर्णा. काकी म्हणायच्या, "आता कंडक्टर होऊन जा."

पुढच्या बाजाराला गुंफाबाई आली. मी जिन्याखाली उभा होतो, तिच्यासमोर जायची हिंमत नव्हती. काकींना सांबार हवा होता, म्हणजे कोथिंबीर, आणि आंबाडीच्या दोन जुड्या. तिने काढून दिल्या, वर एक जुडी तशीच ठेवली. काकाजींनी नेहमीसारखे बिल्ले पुढे केले. दर बाजाराला ती इथून बिल्ले घ्यायची, समोरच्या किराणा दुकानात द्यायची आणि घरी न्यायचं तेल घ्यायची. त्या दुकानात तिला उधार मिळत नव्हतं. बिल्ला असला की लागायचंही नाही.

तिने हात पुढे केला नाही.

"राहू द्या काकाजी. पुढच्या बाजारी द्याल."

"हे घे न. आत्ताच हाय त."

"नाही जी. तुमी केव्हाबी द्या. तुमच्यावर मले इस्वास हाय."

"मंग घेत काहून नाही?"

तिला ते बोलायला जड जात होतं, हे मला जिन्याखालून दिसत होतं. तिने टोपलीतल्या भाजीवर पाणी शिंपडलं. "तुमी त तुमी आहात काकाजी. पण हा कोनाचाबी असू शकते. तो दुकानवाला आता घेत नाही. पाहते, उलटून पाहते, आन म्हनते नको. चार लोकांसमोर."

काकाजींनी हात मागे घेतला. नोट काढायला त्यांनी गल्ला उघडला, पण सकाळची वेळ होती आणि सगळी गिऱ्हाइकी फोनवर झालेली. गल्ल्यात सुटं काही नव्हतं.

"बरं," म्हणाले. "पुढच्या बाजारी."

"हो जी. काही घाई नाही." तिने चहासुद्धा घेतला, काकींशी पोरीच्या लग्नाचं बोलली. मग टोपली डोक्यावर ठेवून रस्त्यापलीकडे गेली. किराणा दुकानासमोरून जाताना तिने पावलं भरभर उचलली आणि मोहगावच्या गाडीत जाऊन बसली.

काकाजी नव्या डोळ्याने ते सगळं पाहत होते. मी जिन्याखालून बाहेर आलो. मला वाटलं आता ते मला काहीतरी बोलतील, आणि बोलले असते तर बरं झालं असतं.

"मिस्तरी," म्हणाले, "तिनं आज तेल नाही घेतलं."